कळसूबाई आणि साल्हेर : महाराष्ट्रातील अत्युच्च शिखरांच्या आरोहणाचा इतिहास

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई होय, हे आज प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. १६४६ मीटर हा त्याचा आकडा भूगोलाच्या पुस्तकात येतो आणि त्याखालोखाल १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरचे नाव येते. परंतु भूगोलाचे पुस्तक मिटवून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उघडली, तर हा क्रम तेथे आढळत नाही. साल्हेर बखरींत आहे, पत्रव्यवहारात आहे, मोगल इतिहासकारांच्या लेखनातही आहे. कळसूबाई मात्र या साधनांत जवळजवळ नाहीच. तिच्या माथ्यावर तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. तिच्यासाठी कोणी वेढा घातला नाही आणि तिच्यावर कोणी हवालदार नेमला नाही. तिच्या अवतीभवती अलंग, मदन, कुलंग, रतनगड, बितनगड, पट्टा असे किल्ले दाटीने उभे असताना सर्वांत उंच माथा तेवढा मोकळा राहिला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की दुसरा प्रश्न पुढे येतो. डोंगराच्या सर्वोच्च टोकावर जाणे, ही कृती कोणत्या काळात, कोणी आणि कशासाठी केली? गिरिभ्रमणाचा छंद अलीकडचा आहे हे खरे. परंतु त्यावरून पूर्वी शिखरांवर कोणी जातच नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जाणारे जात होते. मात्र त्यांच्या जाण्याची नोंद ठेवणारे निराळे होते आणि त्यांना या जाण्यात महत्त्वाचे काही वाटत नव्हते.

प्रथम 'सर्वोच्च' या कल्पनेचाच विचार करावा लागतो. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला जवळचा डोंगर उंच दिसतो आणि दूरचा ठेंगणा. कळसूबाई आणि साल्हेर या दोन शिखरांमध्ये शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. एकाच जागी उभे राहून नुसत्या डोळ्यांनी त्यांची तुलना करून एक दुसऱ्याहून सुमारे ऐंशी मीटरनी उंच आहे, असे ठरविणे कोणालाही शक्य नव्हते. तेव्हा अमुक शिखर प्रदेशातील सर्वांत उंच आहे, हे विधान करण्यापूर्वी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. शिखरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजली जावी लागते आणि ज्या प्रदेशात हे शिखर सर्वोच्च म्हणावयाचे त्या प्रदेशाची सीमा आखली जावी लागते. पहिली गोष्ट एकोणिसाव्या शतकातील आहे, दुसरी विसाव्या.

सीमेचे महत्त्व सहज लक्षात येण्याजोगे आहे. सह्याद्रीची रांग तापीच्या दक्षिणेपासून थेट केरळापर्यंत जाते आणि या संपूर्ण रांगेतील सर्वोच्च शिखर केरळातील अनमुडी हे होय. त्याची उंची २६९५ मीटर, म्हणजे कळसूबाईहून एक हजार मीटरपेक्षाही अधिक आहे. गोव्याच्या हद्दीत आले की सर्वोच्चपणाचा मान सत्तरी तालुक्यातील सोसोगडाकडे जातो आणि तेथे उंची बाराशे मीटरपर्यंतही पोहोचत नाही. कळसूबाईला 'महाराष्ट्रातील सर्वोच्च' हे बिरुद आज ज्या अर्थाने लावले जाते, तो अर्थ १ मे १९६० रोजी सिद्ध झालेल्या राज्याच्या नकाशावर अवलंबून आहे. शिखर प्राचीन आहे. त्याचे बिरुद त्या मानाने अगदी तरुण आहे.

आकड्याविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १६४६ मीटर हा आकडा मोठा काटेकोर भासतो. परंतु ५४०० फुटांचे मीटरांत रूपांतर केले असता १६४५.९२ मीटर येतात. फुटांतील पूर्णांकी आकडा दशमान पद्धतीत गेला आणि तेथे त्याला नवा नेमकेपणा प्राप्त झाला, असे यावरून दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाने अंकांकडेही साधन म्हणूनच पाहावे. कोणत्याही साधनाप्रमाणे अंकालाही मूळ प्रत असते आणि नकला असतात.

मराठी राज्यकर्त्यांना डोंगराच्या उंचीची जाण नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ती जाण निराळ्या प्रकारची होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. दुर्ग बांधावयाचा तर आधी त्या स्थळी पाणी आहे की नाही ते पाहावे, असा त्यातील आशय आहे. पाणी नसेल आणि स्थळ तर हवेच असेल, तर खडक फोडून टाकी-तळी बांधावीत. एखादा झरा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण युद्धप्रसंगी तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, असा बारकावाही तेथे आहे. गडाच्या जवळ दुसरा डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंगांनी फोडून गडाच्या आहारी आणावा, तेही अशक्य असल्यास तो बांधून मजबूत करावा, असाही उपदेश आहे. या सर्व विवेचनात गड किती उंच असावा हे कोठेही सांगितलेले नाही. उंची ही त्यांच्या लेखी सापेक्ष वस्तू होती. शेजारच्या डोंगरावरून गडावर मारा होतो किंवा नाही, एवढाच तिचा हिशेब.

हा उपदेश केवळ पुस्तकी नव्हता. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यात तो रक्ताने लिहिला गेला होता. पुरंदरालगतचा वज्रगड हा बालेकिल्ल्याहून ठेंगणा आहे. परंतु दिलेरखानाने १४ एप्रिल रोजी तो जिंकून तेथे तोफा चढविल्या, तेव्हा उंच पुरंदरची माची धोक्यात आली. मुरारबाजी देशपांडे पडला तो त्यानंतरच्या झुंजीत. पुढे तहात तेवीस किल्ले द्यावे लागले त्यामागे इतरही कारणे होती; तथापि ठेंगणा शेजारी उंच गडाला कसा जड जातो, याचा हा धडा मराठ्यांच्या चांगलाच लक्षात राहिला असला पाहिजे.

राजधान्यांचा क्रम पाहिला तरी हेच दिसते. शिवाजी महाराजांच्या प्रारंभीच्या गडांपैकी तोरणा हा १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच गड. नावाप्रमाणेच प्रचंड. परंतु राजधानी तेथे झाली नाही. ती झाली समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर, म्हणजे राजगडावर. हा तोरण्याहून किंचित कमी उंच असला तरी त्याला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन प्रशस्त माच्या आहेत. तेथे वस्ती करता येते, शिबंदी राहू शकते, पाणी साठते. पुढे राज्याभिषेकाच्या आधी राजधानी रायगडावर गेली. त्याची उंची अवघी सुमारे ८२० मीटर. राज्याचा उत्कर्ष होत असता राजधानी समुद्रसपाटीच्या हिशेबाने खाली उतरत गेली, आणि त्यात कोणालाही काही विपरीत वाटले नाही. औरंगजेबाने १७०४ साली तोरणा हल्ला करून जिंकला आणि त्याचे नाव फुतूह-उल-गैब असे ठेवले. त्यालाही तोरण्याचे महत्त्व त्याच्या दुर्गमपणामुळे वाटले. तो जिल्ह्यातील सर्वोच्च आहे हा विचार त्याच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

या पार्श्वभूमीवर साल्हेरचे उदाहरण विशेष बोलके ठरते, कारण तेथे उंची आणि राजकीय महत्त्व या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. साल्हेर हा बागलाणातील किल्ला. सुरतेकडून दख्खनेत आणि खानदेशात येणाऱ्या वाटा या मुलखातून जातात. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबाने बागलाणचे राज्य मोगली अंमलाखाली आणले, तेव्हा साल्हेर-मुल्हेर हे त्या राज्याचे मुख्य आधार होते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट झाली. परतताना वणी-दिंडोरीजवळ मोगली फौजेशी गाठ पडली आणि मराठ्यांनी तीत विजय मिळविला. त्यानंतर लवकरच, १६७१ च्या आरंभी, साल्हेर मराठ्यांकडे आला. या घटनांचा क्रम लक्षात घेतला म्हणजे साल्हेर का हवा होता हे निराळे सांगावे लागत नाही. सुरतेच्या वाटेवरची ती चौकी होती.

मोगलांनी साल्हेरला वेढा घातला आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि सेनापती प्रतापराव गुजर दोन बाजूंनी फौजा घेऊन आले. इखलासखान आणि बहलोलखान यांच्या सैन्याशी जे युद्ध झाले ते गडाच्या पायथ्याशी, मोकळ्या मैदानात. सूर्यराव काकडे या युद्धात पडला. मोगलांचा पुरता पराभव झाला. सभासदाने या लढाईचे वर्णन अभिमानाने केले आहे. मराठे डोंगराच्या आड राहून लढतात, हा समज दूर करणारा हा विजय, म्हणून इतिहासकार त्याला महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. येथे प्रस्तुत असलेला मुद्दा एवढाच की, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ल्याचे भवितव्य त्याच्या पायथ्याच्या सपाटीवर ठरले. माथा मैदानासाठी होता.

साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचे लहानसे देऊळ व त्याच्या पादुका आहेत. येथूनच परशुरामाने बाण सोडून समुद्र हटविला आणि कोकणची भूमी मिळविली, अशी लोककथा आहे. गडाच्या शिबंदीआधीही या टोकावर कोणी तरी श्रद्धेने येत असावे, असा तर्क या कथेवरून करता येतो. त्याला काळ मात्र लावता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, तीत साल्हेरचा समावेश आहे. कळसूबाई अशा यादीत येणे शक्यच नव्हते, आणि त्याचे कारण तिच्या स्वरूपातच आहे. कळसूबाईचा माथा इतका आटोपशीर आहे की लहानसे देऊळ आणि काही माणसे एवढेच तेथे मावावे. विहीर आहे ती माथ्याखाली. आज्ञापत्राच्या कसोटीवर हे स्थळ पहिल्याच प्रश्नाला नापास होते. उलट तिच्या रांगेच्या पूर्वेकडील पट्टागडावर विस्तीर्ण पठार आहे. १६७९ च्या अखेरीस जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी तेथेच विसावा घेतला. म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. पट्ट्यावरून कळसूबाई समोर दिसते. राजाची दृष्टी त्या शिखरावर गेली असेलच. लेखणीत मात्र ते उतरले नाही.

मग कळसूबाईवर कोण जात होते? याचे उत्तर राजकीय कागदपत्रांत नाही. ते देवतेच्या कथेत आहे. ही कथा १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदविलेली असून ती स्थानिक लोकांच्या तोंडून आजही थोड्याफार फरकाने ऐकावयास मिळते. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. तिला रानात हिंडण्याची आवड. ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका कोळी कुटुंबात कामाला राहिली. तिची एकच अट होती : भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे तिला सांगू नयेत. काही दिवस बरे गेले. एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला तीच कामे सांगितली. तिने ती केली, आणि मग ती डोंगर चढून माथ्यावर गेली ती कायमची. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळे मेळ आणि जेथे केर काढला ती काळदरा.

या कथेकडे दैवतकथा म्हणून पाहून पुढे जाण्याची आपल्याकडील प्रवृत्ती आहे. परंतु तिच्यातील सामाजिक तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. ही देवी कोणा असुराचा वध करीत नाही. तिचा संबंध येतो तो दुसऱ्याच्या घरी राबणे, कामाचा करार आणि त्या कराराचा भंग यांच्याशी. करार मोडणाऱ्यांना ती शाप देत नाही. सांगितलेले काम पुरे करते आणि घर सोडते. शिखर म्हणजे जेथे कोणी काम सांगू शकत नाही अशी जागा, असा या कथेचा अर्थ लावता येईल. ती कोळ्यांची व कुणब्यांची कुलदेवता झाली, हे पाहता तो अर्थ त्यांना परका वाटला नसावा. 'कळस' या शब्दापासून कळसूबाई हे नाव आले, अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. प्रदेशातील सर्वांत उंच शिखराला कळस म्हणणे दिसावयास मोठे सुबक आहे खरे. परंतु ते सर्वांत उंच आहे हे मोजणीपूर्वी कोणास ठाऊक होते, हा प्रश्न ही व्युत्पत्ती मांडणारे विचारीत नाहीत. कथेतील कळसू हे मुलीचे नाव आहे, आणि विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत तेवढ्यावर थांबणे शास्त्रशुद्ध ठरेल.

देवीच्या निमित्ताने माथा गाठण्याची रीत एकट्या कळसूबाईची नाही. वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीचे मंदिर कड्याच्या पोटात आहे आणि लक्षावधी भाविक तेथवर जातात. त्यावरील मूळ शिखर मात्र सर्वसामान्यांना वर्ज्य आहे. चैत्र पौर्णिमेला आणि नवरात्रात त्या टोकावर निशाण लावण्याचा मान पायथ्याच्या गावातील एका घराण्याकडे परंपरेने आहे. मानकरी रात्री कडा चढतो आणि सकाळी निशाण फडकताना दिसते. कोणत्या वाटेने तो जातो हे गूढ ठेवण्याची रीत आहे. आधुनिक गिर्यारोहणाच्या परिभाषेत याला कठीण श्रेणीचे प्रस्तरारोहण म्हणावे लागेल. पिढ्यान् पिढ्या ते चालत आले, पण त्याची गणना कधी आरोहणात झाली नाही. ती झाली सेवेत.

हरिश्चंद्रगडाची परंपरा आणखी निराळी. सुमारे १४२४ मीटर उंचीच्या या डोंगरावर मंदिर, लेणी आणि शिलालेख आहेत. योगी चांगा वटेश्वर यांचा तेथील वास लेखांतून सूचित होतो आणि 'तत्त्वसार' या ग्रंथाचा संबंध याच स्थळाशी जोडला जातो. येथे माथ्यावर येण्याचा हेतू एकांत आणि साधना हा होता. पुढे १७४७-४८ च्या सुमारास मराठ्यांनी हा गड मोगलांकडून घेतला आणि त्यावर सरकारी माणसे आली. एकाच डोंगराला योग्याने तपोभूमी मानले आणि सरकारने ठाणे मानले. दोघांच्याही मनात त्याचा प्रदेशातील क्रमांक कितवा हा प्रश्न उद्भवला नाही.

या डोंगरांत खऱ्या अर्थाने वावरणारे लोक महादेव कोळी होते. घाटवाटांची राखण, गडांच्या मेटांवरील चाकरी, रानातील संचार यांमुळे प्रत्येक नाळ आणि प्रत्येक सोंड त्यांना ठाऊक होती. ही माहिती त्यांच्या पायांत होती, कागदावर नव्हती. ती कागदावर आली ती अशा हातांनी की त्याची दखल घेतलीच पाहिजे. महादेव कोळ्यांविषयीचा पहिला विस्तृत इंग्रजी वृत्तांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांनी १८३० नंतरच्या दशकात लिहिला. त्यांनी या लोकांचा अभ्यास केला तो त्यांच्या बंडांचा बंदोबस्त करण्याच्या कामगिरीवर असताना. अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी पुढील दशकात सावकारी आणि सरकारी जुलमाविरुद्ध उठाव केला, तेव्हा हेच डोंगर त्यांचा आसरा होते. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. शिखरांच्या वाटा जाणणारे लोक सरकारी दप्तरात शिरले ते आरोपी म्हणून. त्यांच्या आरोहणाची नोंद कोठे सापडेल, या प्रश्नाचे उत्तर देताना अभ्यासकाने ही वस्तुस्थिती नजरेआड करून चालणार नाही. पाठलागाच्या अहवालात ज्या खिंडींची आणि माथ्यांची नावे येतात, त्यांकडे गिरिभ्रमणाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही पाहिले पाहिजे.

इ. स. १८१८ हे वर्ष या डोंगरांच्या इतिहासात मोठे खंडक वर्ष आहे. एप्रिलमध्ये त्र्यंबकगड पडला, मे महिन्यात रायगड पडला. तोफखान्यापुढे उंचीचा हिशेब बदलला होता. त्यानंतर अनेक गडांचे प्रवेशमार्ग इंग्रजांनी सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. कातळात खोदलेल्या पायऱ्या उडवून दिल्या, दरवाजे पाडले. वर जाण्याच्या वाटाच नाहीशा झाल्यामुळे काही माथे त्यानंतरच्या शतकात जेवढे दुर्गम होते तेवढे शिवकालातही नव्हते. अलंग-मदनचे कडे चढावयास आज दोर लागतो. त्यावरून पूर्वजांच्या अचाट कौशल्याविषयी पुष्कळ लिहिले जाते; परंतु पूर्वजांना तेथे पायऱ्या होत्या ही साधी गोष्ट त्या वर्णनांतून अनेकदा निसटते.

वाटा मोडणाऱ्या राजवटीनेच डोंगर मोजावयास आरंभ केला. विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला, त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन यांचा मृत्यू विदर्भातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच झाला. त्यांची कबर तेथे आहे. या सर्वेक्षणाला शिखरे हवी होती ती दूरवर दृष्टी पोहोचावी म्हणून. माथ्यावर यंत्र नेणे, तेथून दुसऱ्या माथ्यावरील खूण पाहणे, कोन घेणे, हे काम कड्यांवर दुर्बीण आणि अवजड थिओडोलाइट चढवून करावे लागे. ती अवजारे वाहणाऱ्या हमालांची आणि वाट दाखविणाऱ्या गावकऱ्यांची नावे नकाशावर नाहीत.

दख्खनेच्या डोंगरांपुरते बोलावयाचे तर कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे काम अधिक जवळचे आहे. एलफिन्स्टन यांनी १८२४ साली त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि १८३१ पर्यंत त्यांनी हा मुलूख पिंजून काढला. वायुभारमापक घेऊन ते डोंगरांवर गेले; दाबावरून उंची काढली, तपमान टिपले, पक्षी, मासे आणि खडक यांच्या नोंदी केल्या. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या धुक्यात वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी स्वतःची छाया त्यांना दिसली. याचा वृत्तांत १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आज कोकणकड्यावर जाणारा प्रत्येक जण ज्याला इंद्रवज्र म्हणतो, ते हेच. साइक्स यांनी ते पहिल्यांदा पाहिले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पावसाळ्यानंतरच्या धुक्यात त्या कड्यावर गुरे वळणाऱ्या पोरांनी ते शतकानुशतके पाहिले नसेल, असे मानण्याचे धाडस कोणी करू नये. साइक्स यांनी ते पहिल्यांदा छापले, एवढेच म्हणता येते.

हाच प्रकार महाबळेश्वरचा. १४३८ मीटर उंचीच्या त्या पठारावर कृष्णेच्या उगमाशी प्राचीन क्षेत्र होते. यात्रेकरू, ब्राह्मण आणि धावड लोक तेथे राहत होते. तरीही १८२४ साली लॉडविक हे साताऱ्याहून वर आले या घटनेला 'शोध' हे नाव मिळाले. १८२८ मध्ये माल्कम आले आणि पुढच्या वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळ्याच्या बदल्यात ती जागा घेण्यात आली. हवा खाण्यासाठी डोंगर चढणे ही कल्पना येथून रूढ झाली. कळसूबाईवर थंड हवेचे ठिकाण वसले नाही, कारण बंगले बांधण्याजोगी सपाटी तेथे नव्हती. गड न होण्याचे जे कारण होते तेच येथे पुन्हा आड आले.

छंद म्हणून शिखर चढणे मराठी समाजात रुजले ते विसाव्या शतकात, आणि त्याचे मूळ शिवकालाच्या अभिमानात होते. चिंतामण गंगाधर गोगटे यांच्या 'महाराष्ट्र देशांतील किल्ले' या ग्रंथाने गडांची माहिती मराठी वाचकाच्या हाती दिली. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या १९१० मधील स्थापनेनंतर स्थळ पाहून लिहिण्याची शिस्त वाढली. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनाने तर एक संपूर्ण पिढी पायांना वहाणा अडकवून बाहेर काढली. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था स्थापन झाली. या दोन प्रवाहांत भेद आहे. गडप्रेमी माणूस इतिहासाच्या ओढीने वर जातो. त्याला राजगड तोरण्याहून उंच की ठेंगणा याचे सोयरसुतक नसते. गिर्यारोहकाला मात्र उंची स्वतःच एक प्रयोजन असते. कळसूबाईचे भाग्य उदयाला आले ते या दुसऱ्या प्रवाहामुळे. किल्ला नसलेला हा डोंगर गडप्रेमींच्या यादीत कधीच वर आला नसता. परंतु 'राज्यातील सर्वोच्च' हे पद मिळताच महाविद्यालयीन तरुणांचे तांडे बारी गावाची वाट धरू लागले.

बारीच्या वाटेवर कठीण टप्प्यांना लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. इंग्रजी राजवटीत, १९२६ साली, पुरे झालेले भंडारदरा धरण पायथ्याजवळ आहेच; त्यामुळे पर्यटनाची सोय वाढली. सुट्टीच्या रात्री विजेऱ्यांच्या रांगा माथ्याकडे चढताना दिसतात. नवरात्रात मात्र ही वाट जुन्या मालकांकडे परत येते. आसपासच्या गावांतील बाया-माणसे ओटी, नारळ आणि फुले घेऊन चढतात. एकाच शिडीवर दोन प्रकारचे आरोहक एकमेकांना वाट देतात आणि दोघांनाही एकच माथा गाठावयाचा असतो. एकजण १६४६ या अंकाकडे चाललेला असतो, दुसरा कळसूकडे. देवळासमोरील गर्दीत फोटो काढणारे पुढे आणि ओटी भरणारी मागे, असा प्रसंग येतो तेव्हा कोणाचा हक्क आधीचा हे सांगावयास कोणतेही दप्तर उपलब्ध नसते.

ज्या शिखरावर गड होता त्याला साधने मिळाली, ज्यावर नव्हता ते मुके राहिले. आणि साधने जेथे आहेत तेथेच संशोधन वळले. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांच्या सीमेवरील या डोंगराळ पट्ट्यात किल्ल्यांची सर्वेक्षणे पुष्कळ झाली. त्या मानाने देवस्थानांची, यात्रांची, मानकऱ्यांच्या हक्कांची, घाटवाटांच्या राखणीची आणि जागांच्या नावांची पद्धतशीर टिपणे फार थोडी आहेत. थाळे मेळ आणि काळदरा या दोन जागा गॅझेटियरकारांना एकोणिसाव्या शतकात कोणी तरी सांगितल्या. सांगणाऱ्याचे नाव त्यांनी टिपले नाही. इंदोरे आणि बारी या गावांत वृद्धांकडे जाऊन या जागा आज नेमक्या कोठे दाखविल्या जातात, त्यांच्याशी कोणते विधी जोडलेले आहेत आणि कथेत कोणकोणते फरक पडले आहेत, हे टिपून घेण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन पावसाळ्यांमधल्या अवकाशात करता येण्याजोगे आहे. त्यासाठी मोडी वाचता आली नाही तरी चालेल. डोंगर चढता आला पाहिजे आणि ज्यांच्या घरी उतरावयाचे त्यांची बोली समजली पाहिजे.